परदेशी सेवेला निघालात? या चुका टाळा

परदेशात मिशनकार्याला निघालेली पोरं जाण्याआधी माझ्याकडे येतात. मी मूळची नाशिकची, पण उमेदीची वर्षं केनियाच्या किनाऱ्यावर गेली, मोंबासाच्या उत्तरेला किलिफीकडच्या गावांत. पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, तिथे साप असतात का?" असतात. पण सापाला भिऊन कोणी सेवा सोडून आल्याचं मी पाहिलेलं नाही. माणसं वर्षभरात बॅगा भरतात ती फार किरकोळ कारणांनी, आणि कारणं दरवेळी तीच असतात. सांगून सांगून कंटाळले, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

"भाषा काय, हळूहळू येईल"

सगळ्यांत जास्त नुकसान या वाक्याने केलंय. केनियात इंग्रजी चालतं हे खरं. बँकेत चालतं, सरकारी कचेरीत चालतं. बाळंतिणीच्या खाटेशी चालत नाही. किनाऱ्यावर बाजारात स्वाहिली आणि घरात गिरिआमा, राबाई, डिगो अशा आपापल्या बोली. दुभाषा घेऊन प्रवचन करणाऱ्यांचं तर बोलायलाच नको. हे दहा मिनिटं बोलतात, तो दोन मिनिटांत आटपतो, लोक हसतात, आणि यांना वाटतं विनोद जमला.

पुण्याकडचा एक हुशार मुलगा आला होता. मोबाइलवरच्या ॲपवर स्वाहिली शिकून आलेला, उच्चारही चांगले. आल्या आल्या त्याने आरोग्य शिबिर ठरवलं आणि रविवारी उपासनेनंतर स्वतः उभा राहून सांगितलं, शनिवारी 'सा म्बिली' या. त्याच्या हिशेबाने दुपारी दोन. पण तिथे दिवसाचे तास उजाडल्यापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे पहिला तास, आठ म्हणजे दुसरा. त्यामुळे लोक सकाळी आठला हजर. कडेवर पोरं घेऊन लांबून चालत आलेल्या बाया, काठी टेकत आलेली म्हातारी माणसं. उन्हात बसले, वाट पाहिली आणि जेवणवेळेला उठून गेले. दोन वाजता हा डॉक्टरांना गाडीत घालून आला, तेव्हा आवारात राखणदार आणि दोन शेळ्या.

इथवर ठीक आहे, होतं असं. पण तो तिथल्या चर्चच्या पाळकांसमोर म्हणाला, "या लोकांना वेळेची किंमतच नाही." घरच्या मंडळीला, म्हणजे त्याला पाठवणाऱ्या चर्चला, लिहिलेल्या अहवालातही तेच. पाळक काही बोलले नाहीत, त्यांनी चहा मागवला. पुढच्या शिबिराला जेमतेम चार टाळकी आली. घड्याळाची चूक गावाने हसून सोडून दिली असती. ते वाक्य मात्र घरोघरी पोचलं होतं.

माझं म्हणणं साधं आहे. पहिलं वर्ष काम काढायचंच नाही. स्थानिक कुटुंबात राहा, पाणी भरा, मक्याचं पीठ घोटून उगाली करायला शिका, संध्याकाळी ओट्यावर बसा. शब्द मुलांकडून शिका. मोठी माणसं तुमच्या चुका पोटात घालतात, मुलं तोंडावर हसतात, म्हणून मुलांकडून लवकर येतं. वडीलधाऱ्यांना 'शिकामू', म्हणजे आदराचा नमस्कार, म्हटल्याशिवाय पुढचं वाक्य बोलू नका, आणि तब्येत, घरदार, शेळ्या, पाऊस हे सगळं विचारून होईपर्यंत कामाचा विषय काढू नका.

"वर्ष फुकट जाईल" म्हणणाऱ्यांना मी क्राफ्फची गोष्ट सांगते. हा जर्मन मिशनरी 1844 मध्ये मोंबासाला उतरला. त्याच वर्षी त्याची बायको रोझिना आणि नवजात मुलगी दोघी गेल्या. तो भाषेला धरून राहिला. त्याचा स्वाहिली शब्दकोश छापून आला 1882 मध्ये, तो वारल्यानंतर. आणि आमच्या पोरांना सहा महिन्यांचा भाषावर्ग लांबलचक वाटतो.

खिशात हात घालण्याची घाई

दुसरी चूक मनाने चांगली माणसं करतात, म्हणून ती समजावणं अवघड.

एक तरुण जोडपं आलं. जायच्या वेळी मंडळीने खास दान गोळा करून दिलेलं. पहिल्याच महिन्यात शेजारच्या एका हुशार मुलीची शाळेची फी थकल्याचं कळलं, यांनी भरून टाकली. पुढच्या आठवड्यात दारात तीन आया. मग कोणाचं छप्पर, कोणाचं दवाखान्याचं बिल, कोणाच्या भावाचा पिकीपिकीचा हप्ता, म्हणजे भाड्याने चालवायच्या मोटारसायकलीचा. एम-पेसामुळे, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवायच्या सोयीमुळे, तर दारात यायचीही गरज उरली नाही, मोबाइलवरच मागणी. कोणाला दिलं, कोणाला नाही, यावरून मंडळीत दोन तट पडले. शेवटी दोघं दार लावून आतून शांत बसू लागली, बाहेरून हाका यायच्या. वर्षाच्या आत परतली. तिकडचे लोक लबाड आहेत असं आता इथे सांगत असतात.

लबाड कोणी नव्हतं. त्या मंडळीत फीसाठी वडीलधाऱ्यांची समिती होती. कोणाचं घर खरंच अडलंय, कोणाचा मामा मोंबासाच्या बंदरात कमावतो, हे समितीला पाठ होतं. वर्गणी काढून गरज भागवायची 'हरांबे'ची रीत तर केनियाच्या राजचिन्हावरच कोरलेली आहे. यांनी तिला बगल दिली आणि गावात नवं सावकारी दुकान उघडलं. तसाही हिंदी माणूस तिथे दुकानदार म्हणूनच ओळखला जातो. 1896 ते 1901 या काळात युगांडा रेल्वे बांधायला सुमारे 32,000 हिंदी मजूर नेले होते, त्यांतले काही राहिले, मागून व्यापारी आले. तुम्ही पैसे वाटू लागलात की लोक तुम्हाला त्याच रकान्यात टाकतात, गळ्यात क्रूस असो वा नसो.

मी पहिल्या वर्षी कोणालाही एक शिलिंग स्वतःच्या हाताने देऊ देत नाही. जे द्यायचं ते मंडळीच्या पेटीत, नाव न सांगता. दारात कोणी आलं तर चहा द्या, ऐकून घ्या, आणि म्हणा, "समितीच्या वडीलधाऱ्यांना विचारते." कोरडेपणा वाटेल. वाटू दे.

थोडक्यात आटपण्यासारख्या

पिवळ्या तापाची लस विसरणं. प्रमाणपत्र लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं, आणि ते नसेल तर भारतात परतताना विलगीकरणात बसवतात. आदल्या आठवड्यात धावपळ करू नका.

परतल्यावर ताप आला तर "व्हायरल असेल" म्हणून अंगावर काढणं. डॉक्टरला आधी आफ्रिका सांगा, मग ताप सांगा. तिकडचा मलेरिया वाट पाहत नाही.

पर्यटक म्हणून जाऊन सेवा. नको म्हणजे नको.

गरीब मुलाला जवळ घेऊन सेल्फी. यावर मी बोलत नाही, नाहीतर तोंडातून काहीतरी जाईल.

आपणच पहिले आलो, हा समज

मराठी मुलुखातून तिथे जाणारे आपणच पहिले, असं सांगणारं दर वर्षी कोणीतरी भेटतं. नाशिकच्या शरणपूरला 1854 मध्ये विल्यम प्राइस या मिशनऱ्याने वस्ती उभारली. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथे शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. त्यांतले विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर 1864 मध्ये मोंबासाजवळच्या राबाईला सेवेसाठी गेले. पुढे 1870 च्या दशकात प्राइसनेच मोंबासाला जाऊन सोडवलेल्या गुलामांसाठी फ्रिअर टाउन ही वस्ती वसवली, तेव्हा या 'बॉम्बे आफ्रिकन' लोकांवरच शाळेचा आणि कारखान्याचा भार होता. जोन्स-सेमलर यांना धर्मसेवक म्हणून दीक्षा मिळाली 1885 मध्ये. एकवीस वर्षं काम करून. राबाईला गेलात तर त्यांची नावं विचारा, आणि मग आपल्या फेसबुकवर काय लिहायचं ते ठरवा.

घरी पाठवायची पत्रं

प्रार्थना-पत्रात आकडे फुगवणं हा आमच्या क्षेत्रातला जुना रोग आहे. क्राफ्फचा सोबती रेबमान राबाईत जवळपास एकोणतीस वर्षं राहिला, डोळे जायला आले तेव्हा 1875 मध्ये परतला. बाप्तिस्म्याचे आकडे बोटांवर मोजण्यासारखे होते. किलिमांजारोवर बर्फ आहे हे त्याने 1848 मध्ये पाहून कळवलं, तर लंडनचे भूगोलपंडित त्यावरही हसले. आकडा नसेल तर नाही म्हणून लिहा. पाठवणारी मंडळी नाराज होईल, दोन देणगीदार गळतील. मी तसं लिहायचे आणि दोनाहून जास्त गळले.

पत्रात जे कधीच येत नाही ते वेगळं असतं. वडील गेले तेव्हा विमानाचं तिकीट मिळेपर्यंत इकडे माती झालेली. मुलांची मराठी कच्ची, सुट्टीत आजीकडे आली की चुलत भावंडं नक्कल करून हसतात. त्यावर मला उपाय सापडलेला नाही. रोज रात्री घरात मराठी शास्त्रवाचन ठेवलं होतं, तेवढं टिकलं.

आणि जे मिळतं तेही पत्रात मावत नाही. वडील गेल्याचं कळलं त्या संध्याकाळी शेजारणी न बोलावता आल्या, अंगणात चटया टाकल्या आणि त्यांच्या रीतीने माझ्या घरी मातंगा धरला, दुखवटा. कधी न पाहिलेल्या माणसासाठी रात्रभर गाणी म्हटली. त्याआधी काही वर्षांपूर्वी भर सभेत मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी मला सुनावलं होतं, "तुमचं हे चुकतंय, आम्ही करणार नाही." पाहुण्याला असं कोणी बोलत नाही. त्या दिवशी मी घरी जाऊन नवऱ्याला मोठ्या आनंदाने सांगितलं.

परत आल्यावर

आल्या आल्या मंडळी स्लाइड-शोला दहा मिनिटं देते, वर आफ्रिकी गाणं म्हणायला लावते. म्हणा एखादं. पण महिला मंडळाचं सचिवपद, युवक संघ, संडे स्कूल यांतलं काहीही सहा महिने स्वीकारू नका. झोपा, डॉक्टरकडे जाऊन सगळ्या तपासण्या करून घ्या, आधार आणि बँकेचं केवायसी अद्ययावत करा. ते बंद पडलेलं असणार.