सोरायसिसच्या जनुकीय अभ्यासासाठी नमुने कसे घ्यावेत : नाशिकमधल्या नव्या संशोधन सहायकांसाठी

विद्यापीठाच्या सोरायसिस (कातडीवर खपल्यांचे चट्टे येणारा आजार) प्रकल्पात ज्युनिअर रिसर्च फेलो म्हणून रुजू झालं की वाटतं, खरं काम सिक्वेन्सिंगचा (डीएनएतली अक्षरं क्रमाने वाचण्याचा) डेटा आल्यावर सुरू होणार. प्रत्यक्षात ओपीडीतल्या टेबलाशी बसून तुम्ही काय लिहून घेता आणि रक्त काढल्यावर पहिल्या काही तासांत त्या नळीचं काय होतं, यावर पुढची सगळी वर्षं उभी असतात. इथे चुकलेलं नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने सुधारत नाही.

संमती आधी, सुई नंतर

संस्थेच्या नीतिशास्त्र समितीची लेखी मंजुरी हातात येईपर्यंत एकही नमुना घेऊ नका. संमतीपत्र मराठीत हवं. पेठ, सुरगाणा, कळवणकडच्या पेशंटला ते सावकाश वाचून दाखवा आणि मग "काय समजलं ते तुमच्या शब्दांत सांगा" असं विचारा. तीन गोष्टी त्यांच्या तोंडून यायला हव्यात : या तपासणीने माझे उपचार बदलणार नाहीत, माझा नमुना बरीच वर्षं साठवला जाईल, आणि मी कधीही नाही म्हणू शकतो. अंगठा घेतला तर साक्षीदार प्रकल्पाबाहेरचा असावा. ७ ते १८ वयाच्या मुलांसाठी पालकांच्या सहीबरोबर मुलाचा होकारही लागतो.

आजार नेमका कोणता, हे पक्कं करा

पेशंट सोरायसिसला इसब म्हणतो, नायटा म्हणतो, गजकर्णही म्हणतो. त्यामुळे निदान त्वचारोगतज्ज्ञानेच करायचं. खरा इसब, म्हणजे अ‍ॅटोपिक डर्मटायटिस, त्यात मिसळला तर घात होतो. तिथे फिलॅग्रिन हे जनुक महत्त्वाचं आहे (त्यातले बदल २००६ मध्ये सापडले), तर सोरायसिसमध्ये सर्वांत ठळक धागा सहाव्या गुणसूत्रावरच्या एचएलए-सी*०६:०२ या जनुक-रूपाचा. दोन आजार एका यादीत गेले की दोन्हींचे संकेत पातळ होतात. अंगभर पुवाच्या पुटकुळ्या येणारा प्रकारही वेगळ्या खुणेने नोंदवा. त्याच्या काही पेशंटमध्ये आयएल३६आरएन जनुकातला दोष असतो आणि त्याचं विश्लेषण वेगळं करावं लागतं.

तीव्रता पासी गुणांकाने (सोरायसिसची तीव्रता मोजायची ठरलेली पद्धत) मोजा. लाली, जाडी, खपल्या यांना प्रत्येकी ० ते ४ गुण द्यायचे. समजा धडावर लाली २, जाडी ३, खपल्या २ आहेत, तर बेरीज ७. चट्टे धडाच्या ३० ते ४९ टक्के भागावर असतील तर क्षेत्राचा गुण ३. धडाचा वाटा ०.३. म्हणजे ७ × ३ × ०.३ = ६.३. असंच डोक्यासाठी ०.१, हातांसाठी ०.२, पायांसाठी ०.४ धरून चारही आकडे मिळवा. क्षेत्राचा अंदाज घेताना पेशंटचाच तळहात बोटांसकट वापरा, तो शरीराच्या साधारण १ टक्का असतो. आपल्याकडे हमखास होणारी चूक लालीची. सावळ्या कातडीवर लाली लाल दिसत नाही, जांभळट किंवा तपकिरी दिसते, आणि नवखा माणूस तिथे शून्य लिहून मोकळा होतो. शेजारच्या निरोगी कातडीशी ताडून गुण द्या.

आजार कोणत्या वयात सुरू झाला, हा प्रश्न टाळू नका. चाळिशीच्या आत सुरू झालेल्या सोरायसिसमध्ये एचएलए-सी*०६:०२ जास्त आढळतो. "किती साली?" असं विचारलं तर बहुतेकांना सांगता येत नाही. "२००३ च्या कुंभमेळ्याच्या आधी की नंतर?", "लग्नात चट्टे होते का?" असं विचारलं की आठवतं.

वंशावळ : इथे मराठीचा फायदा घ्या

फॉर्मवर "कझिन" असा रकाना असेल तर तो खोडा. चुलतभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ, मावसभाऊ हे चार वेगळे शब्द आपल्याकडे आहेत आणि जनुक वडिलांकडून आलं की आईकडून, ते त्यातूनच कळतं. मात्र "भाऊ" म्हटल्यावर थांबा. भावकीतला भाऊही भाऊच असतो, म्हणून "सख्खा का?" हे दर वेळी विचारा. आई-वडिलांचं मामे-आते नातं आहे का, तेही विचारा. मामाची मुलगी करण्याची रीत अनेक घरांत आहे, आणि वंशावळीच्या आकृतीत नात्यातलं लग्न दाखवणारी दुहेरी रेघ राहून गेली तर घराण्यांचा अभ्यास चुकीच्या दिशेला जातो. "घरात कुणाला असा आजार आहे का?" या प्रश्नाचं उत्तर फोटो दाखवून घ्या. मुलीचं लग्न ठरायचं असेल तर लोक चारचौघांत सांगत नाहीत, तेव्हा हे बोलणं पडद्याआड करा.

आणखी एक : रुग्ण पेठ-सुरगाण्याचे आणि निरोगी तुलनागट नाशिक शहरातल्या कॉलेज रोडच्या रक्तदान शिबिरातला, असं कधीही करू नका. कोकणा, वारली, महादेव कोळी, भिल्ल आणि शहरात बाहेरून आलेली कुटुंबं यांच्यात जनुकीय फरक मुळातच असतात. मग आजाराशी संबंध नसलेलं जनुकही दोषी दिसू लागतं. आई आणि वडील दोघांचंही मूळ गाव आणि समाज लिहा, आणि तुलनागट त्याच तालुक्यांतून घ्या. नंतर संगणकावर काही दुरुस्ती करता येते, पण सगळे रुग्ण एका समाजाचे आणि सगळे निरोगी दुसऱ्याच समाजाचे असतील तर तीही हात टेकते.

रक्त

जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) नळीत ४ मिलि, अशा दोन नळ्या. हिरव्या झाकणाची हेपॅरिनची नळी नको, हेपॅरिन पीसीआर (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या प्रती वाढवण्याची चाचणी) अडवतं. नळी भरल्याबरोबर ८ ते १० वेळा हळुवार उलटसुलट करा. हलवायला उशीर झाला की बारीक गुठळ्या होतात, जोरात हलवली की पेशी फुटतात. नावाऐवजी सांकेतिक क्रमांक लिहा आणि तोही छापील क्रायो (गोठवल्यावरही टिकणाऱ्या) लेबलवर. साध्या मार्करची शाई स्पिरिट लागलं की जाते.

सुरगाण्याहून घाटरस्त्याने आणताना बर्फाचे पॅक वर्तमानपत्रात गुंडाळा आणि नळ्या स्टँडमध्ये उभ्या ठेवा. नळी गोठलेल्या पॅकला थेट टेकली की त्या बाजूचं रक्त गोठून फुटतं. मे महिन्यात गाडीच्या डिकीत नळ्या ठेवू नका. डीएनएसाठी रक्त ४ अंश सेल्सिअसला काही दिवस टिकतं, तरी दोन दिवसांत काम उरका. साठवायचं असेल तर लहान क्रायोव्हायलमध्ये (गोठवणाच्या कुप्यांत) वाटून उणे ८० अंशाला ठेवा, म्हणजे एकच नमुना पुन्हापुन्हा वितळवावा लागत नाही.

कातडीचा तुकडा

हे काम त्वचारोगतज्ज्ञाचं. तुमचं काम तयारीचं. ४ मिमी पंचने (गोल पात्याचं हत्यार) एक तुकडा चट्ट्यातून आणि एक किमान ५ सेंमी दूरच्या निरोगी कातडीतून. त्याआधी मलमं २ आठवडे आणि पोटातली औषधं ४ आठवडे बंद असावीत, तेही उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी परवानगी दिली तरच. संशोधनासाठी कुणाचं औषध तोडायचं नाही. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या क्रीममध्ये बहुधा स्टेरॉइड असतं आणि पेशंट त्याला औषध समजत नाही, म्हणून ट्यूबच घेऊन यायला सांगा.

आरएनएसाठी (कोणती जनुकं सक्रिय आहेत ते सांगणारा रेणू) तुकड्याखालची चरबी काढा आणि तो लगेच पाच ते दहा पट आरएनएलेटर या आरएनए टिकवणाऱ्या द्रवात बुडवा. रात्रभर ४ अंशाला, मग उणे ८० ला. थेट गोठवला तर द्रव आतपर्यंत मुरत नाही. सूक्ष्मदर्शकाच्या तपासणीसाठीच्या फॉर्मेलिनची बाटली वेगळ्या ट्रेमध्ये ठेवा. दोन्ही द्रव दिसायला सारखेच, आणि फॉर्मेलिनमध्ये पडलेल्या तुकड्यातून चांगला आरएनए मिळत नाही.

डीएनए आणि पहिली चाचणी

१ मिलि रक्तातून साधारण २० ते ४० मायक्रोग्रॅम डीएनए यावा. तांबड्या पेशी फोडल्यावर तळाचा गोळा पांढरट व्हायला हवा. लाल राहिला तर आणखी एकदा धुवा, उरलेलं हीम (रक्ताला लाल रंग देणारं द्रव्य) पीसीआरला मारक ठरतं. ७० टक्के इथेनॉलने धुतल्यावर डीएनएचा गोळा कडकडीत सुकवू नका, तो विरघळायला दिवस घेतो. २६० आणि २८० नॅनोमीटरच्या प्रकाशाच्या शोषणाचं गुणोत्तर (२६०/२८०), म्हणजे शुद्धतेची खूण, १.८ च्या आसपास हवं. २६०/२३० हे १.५ च्या खाली गेलं तर क्षार राहिले आहेत. सिक्वेन्सिंगला पाठवण्याआधी क्युबिटवर (फक्त डीएनए मोजणारं यंत्र) मोजा, कारण आरएनए मिसळलेला असला की नॅनोड्रॉप (प्रकाशाच्या शोषणावरून मोजणारं यंत्र) आकडा फुगवून दाखवतो.

एचएलए-सी*०६:०२ साठी अ‍ॅलील-विशिष्ट (जनुकाचं नेमकं तेच रूप शोधणारी) पीसीआर करताना त्याच नळीत दुसऱ्या जनुकाची नियंत्रण पट्टी (चाचणी चालली हे दाखवणारी) हवीच. जेलवर नियंत्रण पट्टी आहे आणि ०६:०२ ची नाही, तर उत्तर "नाही". दोन्ही नाहीत, तर उत्तरच नाही, चाचणी पुन्हा करा. या दुसऱ्या प्रकाराला "निगेटिव्ह" लिहिणं ही वहीतली सर्वांत महाग चूक आहे.

नमुने पुण्याला पाठवायचे असतील तर सोमवारी किंवा मंगळवारी पाठवा. शनिवारी दिलेली पेटी रविवारभर गोदामात पडून राहते. थर्मोकोलच्या पेटीतला कोरडा बर्फ दिवसाला २ ते ४ किलो उडून जातो, तेव्हा दोन दिवस पुरेल एवढा भरा. झाकण हवाबंद करू नका, आतला वायू पेटी फोडतो. पेटीत यादीची एक प्रत प्लास्टिकमध्ये, दुसरी ईमेलने, आणि पलीकडे पेटी उघडणाऱ्याने किती बर्फ शिल्लक होता ते त्याच दिवशी कळवावं.