खाडीच्या हिशेबाने अद्भुतरम्य कादंबरी लिहिताना

अद्भुतरम्य कादंबरी लिहायला बसणाऱ्याने आधी आपल्या घराजवळची भरती-ओहोटी शिकून घ्यावी, असा सल्ला मी नव्या लेखकांना देत आले आहे. कोकण किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना भरतीची वेळ काढायला छापील तक्ता लागत नाही. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळपणे मिळते: चतुर्थीला सुमारे तीन, अष्टमीला सुमारे सहा, दिवसा एकदा आणि रात्री एकदा. भरती रोज साधारण पन्नास मिनिटे पुढे सरकते, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण येते आणि अष्टमीच्या सुमारास पाणी कमी चढते, त्याला भांग म्हणतात. सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटर दूर असलेला चंद्र ऐरोलीच्या पुलाखालचे पाणी दिवसातून दोनदा उचलून धरतो, हा कोणत्याही कादंबरीत शोभेल असा चमत्कार आहे. आणि तरीही त्याच्या भरवशावर होडी बाहेर काढता येते, कारण तो नियम सोडत नाही. अद्भुताला असा हिशेब लागतो. तो चुकला की वाचकाचा विश्वास उडतो आणि मग कितीही राक्षस आणले तरी तो परत येत नाही.

माझे पहिले हस्तलिखित याच कारणाने अडले. त्यात बर्फाळ घाट होते, दगडी बुरूज होते, देवदारांची अरण्ये होती. दोनशे पाने लिहून झाल्यावर लक्षात आले की त्या प्रदेशातली माणसे पावसाळ्यासाठी काय साठवतात, चूल कशावर पेटवतात, ओले कपडे कुठे वाळत घालतात, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मला देता येत नाही. ते बाड मी बाजूला ठेवले आणि दुसऱ्या कादंबरीची सुरुवात कळव्याच्या खाडीपुलावर उभी राहून केली.

प्रेरणा कुठे शोधावी

ठाण्यात राहणाऱ्या लेखकाला दूर जावे लागत नाही. हे शहर म्हणजे उत्तर कोकणच्या शिलाहार राजघराण्याचे श्रीस्थानक. ज्या किल्ल्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे, तिथे अठराव्या शतकात खोदकाम करताना अरिकेसरी राजाचा शके ९३९ चा, म्हणजे इसवी सन १०१७ चा ताम्रपट सापडला. याच घराण्याच्या काळापासून कोकणात गधेगाळ नावाचे दगड उभे राहिले. वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा लेख आणि खाली स्त्री व गाढव यांचे शिल्प, अशी त्यांची रचना असते. चंद्रसूर्य असेपर्यंत दान टिकावे, आणि ते मोडणाऱ्याला खालच्या शिल्पातला शाप लागावा, असा त्याचा अर्थ. लेखकाच्या नजरेने पाहिले तर शब्द, साक्षीदार आणि शिक्षा ही मंत्राची तिन्ही अंगे एकाच दगडात आयती मिळतात. परदेशी कथांतल्या जादूच्या छडीऐवजी असा एक दगड कथेच्या वेशीवर रोवून पाहावा. पुढची कितीतरी प्रकरणे त्याच्याभोवती आपसूक जमतात.

खाडीच्या पलीकडे नवी मुंबई आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ९५ गावांच्या जमिनींवर एक आखीव नगर उभे राहिले. आजही क्रमांक दिलेल्या सेक्टरांच्या मधोमध जुनी गावठाणे, त्यांची तळी आणि गावदेवीची देवळे आहेत. सेक्टर क्रमांकाने ओळखले जाणारे नगर आणि नवसाने ओळखले जाणारे गाव एकाच जमिनीवर नांदते, ही वस्तुस्थिती मला कोणत्याही काल्पनिक नकाशाहून अधिक अद्भुत वाटते.

याच खाडीत हिवाळ्यापासून रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे थवे उतरतात. २०१५ साली तिथे अभयारण्य घोषित झाले आणि २०२२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत त्याचे नाव आले. हे पक्षी कथेत घेण्याचा मोह सर्वांनाच होतो. घ्यावेत, पण गुलाबी ढग म्हणून घेऊ नयेत. त्यांचा रंग त्यांच्या खाण्यातून येतो, शेवाळ आणि बारीक जलचरांतल्या रंगद्रव्यांतून, आणि ते खाणे बदलले की रंग फिका पडतो. ज्याला हे ठाऊक आहे तो लेखक रंग हरवलेला एकच पक्षी दाखवून खाडीवर आलेले संकट सांगू शकतो.

वाचनासाठी मराठी ग्रंथसंग्रहालयासारखी १८९३ पासूनची संस्था शहरात आहे. ठाणे जिल्ह्याचे १८८२ चे इंग्रजी गॅझेटियरही अवश्य चाळावे. त्यात बंदरे, मिठागरे, जाती, पिके, करांचे दर असा तपशील आहे, आणि काल्पनिक राज्य उभारणाऱ्याला लढायांच्या वर्णनापेक्षा करांच्या दरांचा उपयोग जास्त होतो. ओळखीच्या मुंज्या, हडळ, चकवा, साती आसरा यांच्याविषयी मात्र पुस्तकाआधी माणसांना विचारावे. कोणत्या विहिरीवर कोणाला काय दिसले, त्यानंतर घरच्यांनी काय केले आणि त्यासाठी किती खर्च आला, इथपर्यंत विचारावे. शेवटचा प्रश्न विसरू नये.

चमत्काराची किंमत ठरवणे

नियम कसा बांधावा हे एका उदाहरणानेच सांगते. समजा, खाडीकाठच्या एका काल्पनिक नगरात उधाणाच्या रात्री, पाणी पूर्ण चढलेले असताना, बुडून मेलेल्या माणसांचे आवाज ऐकू येतात. एवढ्यावर कथा होत नाही, केवळ वातावरण तयार होते. आता त्याला किंमत जोडू: जो ज्याचा आवाज ऐकेल, त्याच्या अंगावर त्या मृताचे फेडायचे राहिलेले देणे येईल. या एका वाक्याबरोबर नगराचे रूप बदलते. उधाणाच्या रात्री घरोघरी कानांत कापूस घातला जातो, सावकार मुद्दाम खाडीकाठच्या घरांना कर्ज देतात, आणि होडीवर चढण्यापूर्वी देणे फेडल्याची खूण म्हणून कोळी बंदरावरच्या खांबाला दोरा बांधतो. नियम नेमका असला की चालीरीती, धंदे, भांडणे आणि म्हणी त्यातूनच निघतात. त्या वेगळ्या शोधाव्या लागत नाहीत.

नियम लिहिल्यावर त्याला तीन बाजूंनी छेडून पाहावे. तो कधी लागू होत नाही? त्याचा फायदा कोण उठवतो? त्याची झळ ज्याने काहीच केले नाही अशा कोणाला बसते? तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात बहुधा आपली नायिका उभी असते.

पात्रे

आमच्या उदाहरणातली ती बाई मिठागरावर काम करते. तिचे नाव चांगुणा. नवरा बुडाला आहे, त्याचे देणे किती होते हे कोणालाच माहीत नाही, आणि पदरात मुलगी आहे. त्याचा आवाज एकदा ऐकावा ही तिची इच्छा, आणि तो ऐकला तर मुलीच्या वाट्याला कर्ज येईल ही तिची भीती. चांगुणेला शूर, प्रेमळ किंवा मानी ठरवण्याची मला गरज पडली नाही. उधाणाच्या रात्री ती काठापासून किती पावलांवर थांबते, एवढे लिहिले की तिचा स्वभाव वाचकाला कळतो.

पात्राची माहिती भरताना डोळ्यांचा रंग आणि उंची लिहिण्यात वेळ घालवू नये. त्याऐवजी ते पात्र उजाडण्याआधी काय करते, त्याच्या हातात कोणते कसब आहे, त्याचे कोणाकडे देणे किंवा येणे आहे, कोणती गोष्ट ते कधीच बोलून दाखवत नाही, हे लिहावे. चांगुणेला बांध फुटण्याआधी चिखलाच्या वासावरून ते कळते. उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, फळी किती वर उचलायची हे ती मोजमापाशिवाय ठरवते. असे कसब पहिल्या प्रकरणात कामाच्या ओघात दाखवून ठेवले, तर विसाव्या प्रकरणात त्याने नगर वाचवले तरी वाचकाला तो योगायोग वाटत नाही.

मराठीत लिहिणाऱ्याने आणखी एक तक्ता करावा, आणि तो मी सर्वांत महत्त्वाचा मानते: कोण कोणाला काय म्हणून हाक मारते. आपल्याकडे राजाला ‘आपण’ म्हणतात आणि देवाला ‘तू’. नवऱ्याला ‘अहो’ म्हणणारी चांगुणा त्याच्या मृत्यूनंतर खाडीकडे तोंड करून बोलेल तेव्हा कोणते सर्वनाम वापरेल? ‘अहो’ म्हटले तर तिच्या लेखी तो अजून घरचा माणूस आहे. ‘तू’ म्हटले तर तो भूतांच्या आणि देवांच्या बाजूला गेला आहे. मी तो प्रसंग आठ-नऊ वेळा लिहिला, आणि शेवटी एकाच संवादात ती ‘अहो’वरून ‘तू’वर येते असे केले. दुःखाचे वेगळे वर्णन मग काढून टाकता आले. अशी साधने भाषेनेच दिलेली असताना ती वापरली नाहीत तर मराठीत लिहिण्याचा अर्थ काय राहिला, असे मला मनापासून वाटते.

बोलीचा वापरही याच काळजीने करावा. आगरी किंवा कोळी बोली केवळ विनोदी पात्राच्या किंवा खलपुरुषाच्या तोंडी घालणे हा अन्याय आहे. आगरी-कोळी लग्नांत धवले गाऊन विधी चालवणारी धवलारीण असते. तिचे शब्द झाल्याशिवाय कार्य पुढे सरकत नाही. मंत्र म्हणणारे पात्र हवे असेल तर दाढीधारी ऋषीच्या आधी तिचा विचार करावा, आणि तिची गाणी प्रत्यक्ष ऐकल्याखेरीज तिच्या तोंडी एकही ओळ लिहू नये.

विरोधी पात्राला त्याचे कारण पटलेले असले पाहिजे. माझ्या कथेत तो नगराचा मोजणीदार आहे. बुडालेल्यांची सर्व देणी वहीत नोंदली तर ती सरकारला फेडता येतील आणि कोणाच्याच अंगावर येणार नाहीत, असे तो मानतो, आणि त्यात तथ्यही आहे. मात्र नोंद करायला प्रत्येक आवाज कोणीतरी ऐकलाच पाहिजे.

नावांविषयी थोडक्यात. अक्षरे उलटीसुलटी करून विचित्र नावे घडवू नयेत. शिलाहारांच्या वंशावळीत झंझ, वप्पुवन्न, छित्तराज, मुम्मुणि अशी नावे आहेत, जी परकी वाटतात आणि तरी इथलीच आहेत. त्याच घराण्यातल्या अपरादित्याने याज्ञवल्क्य स्मृतीवर मोठी टीका लिहिली. राजा दरबार आटोपून रात्री धर्मशास्त्राचा अर्थ लावत बसतो, हे ठाऊक झाल्यावर कथेतल्या राजाला केवळ तलवार देऊन भागत नाही.

लेखनाची बैठक

प्रेरणा येण्याची वाट पाहणाऱ्याची कादंबरी पुरी होत नाही. रोज ४०० शब्द, आठवड्यातून पाच दिवस, एवढे जमले तर ४० आठवड्यांत ८०,००० शब्दांचा पहिला खर्डा होतो. मी पहाटे, नळाला पाणी येण्याआधीच्या वेळात लिहिते, कारण त्यानंतरचा वेळ घराचा असतो. ठाणे ते वाशी लोकलचा अर्ध्या तासाचा प्रवास मी नव्या मजकुरासाठी वापरत नाही. त्या वेळात कालचे पान वाचते आणि उद्याच्या प्रसंगाची पहिली ओळ मोबाईलवर टिपते. पहिली ओळ ठरलेली असली की पहाटे कोऱ्या कागदासमोर थांबावे लागत नाही.

सहावा दिवस पायी हिंडण्याचा ठेवावा: एका आठवड्यात येऊरचा रस्ता दिवसाउजेडी, पुढच्या आठवड्यात मासुंदा तलाव आणि कौपिनेश्वराचा परिसर, कधी बेलापूरच्या किल्ल्याचे अवशेष. वहीत दृश्याआधी वास आणि आवाज लिहावेत, कारण छायाचित्रात नेमके तेच येत नाहीत.

खर्डा लिहिताना माहितीची शंका आली तर थांबू नये. ‘तपासणे’ असा शब्द लिहून पुढे जावे. एका शंकेपायी चार दिवस पुस्तके उपसत बसण्याची सवय लागली की लेखन थांबते आणि अभ्यास केल्याचे समाधान तेवढे उरते.

खर्डा पुरा झाल्यावर तो महिनाभर मिटून ठेवावा आणि मग प्रत्येक प्रकरणाची तिथी, वेळ, पाण्याची पातळी, कोणाकडे किती पैसे उरले आणि कोण शेवटचे कधी जेवले, असा तक्ता करावा. हे काम कंटाळवाणे आहे आणि ते टाळू नये. मी तो तक्ता केला तेव्हा अकराव्या प्रकरणात चांगुणा सप्तमीला संध्याकाळी सव्वापाचला खाडीचा चिखल तुडवून पलीकडे गेलेली आढळली. सप्तमीची पाऊणपट म्हणजे सव्वापाच; त्या वेळी तिथे पूर्ण भरती असणार. प्रसंग पुन्हा लिहावा लागला. पाणी उतरण्यासाठी तिला रात्री साडेअकरापर्यंत काठावर बसवले, आणि भांगाचे दिवस असल्याने तेव्हाही चिखल पुरता उघडा पडला नाही. गुडघाभर पाण्यातून ती चालू लागली तेव्हा पलीकडून कंदील घेऊन मोजणीदार येत होता, कारण ओहोटीची रेषा मोजायची तर त्यालाही तीच वेळ गाठावी लागणार होती. ती भेट माझ्या आराखड्यात कुठेच नव्हती. दुसऱ्या दिवशी पहाटे मी तेथूनच लिहायला घेतले.