जुन्या सायकलला नवे गिअर शिफ्टर टाकताय? आधी मागच्या चकत्या मोजा, या चुका टाळा

मोठ्या भावाने कॉलेजला असताना घेतलेली १८ गिअरची सायकल आमच्या चाळीसगावच्या घरी मागच्या पडवीत कितीतरी वर्षं पडून होती, वर पोती, खाली कोंबड्या. मी ती काढली, टायर-ट्यूब बदलले, पाटणादेवीला एक चक्कर मारली तर उजव्या हाताचा शिफ्टर, म्हणजे हँडलवरचा गिअर बदलायचा लिव्हर, नुसता ढिला फिरायचा, क्लिकच लागेना. मग काय, नवे शिफ्टर मागवले, ते पण ७ स्पीडचे, म्हटलं मागच्या चाकाला ६ चकत्या (चेन बसते ती दातेरी चक्रं) आहेत तर एक जास्तच बरा ना भो. पुढचे दोन आठवडे मी रोज संध्याकाळी सायकल उलटी करून बसलेलो आणि शेजारचे काका रोज येऊन विचारायचे, "काय व्हयनं रे भाऊ?"

तर चूक अशी. इंडेक्स शिफ्टर, म्हणजे क्लिकवाला, प्रत्येक क्लिकला ठरलेली वायर ओढतो आणि मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग, ठरलेलं अंतर सरकतो. ७ स्पीडच्या शिमानोला (ही गिअर बनवणारी कंपनी) हे अंतर साधारण ५ मिलीमीटर, आणि जुन्या ६ चकत्यांच्या फ्रीव्हीलमध्ये, म्हणजे मागच्या चाकावर बसणाऱ्या चकत्यांच्या गठ्ठ्यात, दोन चकत्यांमधलं अंतर साडेपाचच्या आसपास. अर्धा मिलीमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण छोट्या चकतीपासून मोठीपर्यंत पाच क्लिक होतात, पाच वेळा अर्धा म्हणजे अडीच मिलीमीटर, म्हणजे चेन शेवटी दोन चकत्यांच्या बरोबर मध्ये येऊन खरखर करत बसते. खालचे गिअर जुळवले की वरचे बिघडतात, वरचे जुळवले की खालचे, आणि आपण बिचाऱ्या स्क्रूला शिव्या देतो. मी पण दिल्या.

म्हणून ऑर्डर करायच्या आधी मागच्या चकत्या हाताने मोजा. सायकलवर लिहिलेल्या १८ किंवा २१ आकड्यावर विश्वास नको, मधे कोणीतरी फ्रीव्हील बदललेलं असू शकतं. ६ असतील तर ६ चाच शिफ्टर घ्या. ७ चा घेऊन बसलाच असाल तर ७ चकत्यांचं फ्रीव्हील टाकता येतं, आटे तेच असतात, पण ते जरा रुंद असतं, छोटी चकती फ्रेमला घासायला लागली तर एक्सलला उजवीकडे पातळ वॉशर टाकावा लागतो आणि मग चाक मधोमध राहत नाही, स्पोक ओढून परत सेंटर करावं लागतं. म्हणजे शंभरातलं काम हजारावर. फ्रीव्हील काढायला दातेवाला पाना लागतो, छिन्नी-हातोड्याने ठोकायला जाऊ नका, पेडल मारून मारून ते घट्ट बसलेलं असतं. तो पाना व्हाइसमध्ये पकडून वरून अख्खं चाक स्टेअरिंगसारखं फिरवलं की सुटतं, आमच्या इथे वेल्डिंगवाल्याकडे पाच मिनिटात झालं.

आता खरी गंमत. माझा जुना शिफ्टर खराबच नव्हता! आतलं ग्रीस इतक्या वर्षांत सुकून गोंदासारखं झालेलं असतं, आतली छोटी खिट्टी त्याच्यात चिकटते आणि दात्यात पडत नाही, म्हणून लिव्हर ढिला फिरतो. आपल्याकडचा मे महिना, पंचेचाळीसचा पारा आणि पत्र्याची पडवी, ग्रीसचं काय होणार. गंज काढायचा स्प्रे भरपूर मारायचा, लिव्हर पन्नास वेळा पुढे-मागे करायचा, काळं पाणी निघेल, परत मारायचा, आणि क्लिक आले की शेवटी थेंबभर पातळ तेल. नवे शिफ्टर बसवून झाल्यावर सहज टाइमपास म्हणून जुन्यावर हे केलं आणि तो टकटक वाजायला लागला, तेव्हा घरात कोणाला सांगितलं नाही. तर पैसे खर्च करायच्या आधी हे करून बघा. फक्त आतला प्लॅस्टिकचा भाग तुटलेला असेल तर काही उपयोग नाही.

कंपनीचं मिश्रण ही दुसरी गोष्ट. मागचा डिरेलर शिमानोचा असेल तर शिफ्टर शिमानोशी जमणाराच पाहिजे. स्रॅम या दुसऱ्या कंपनीचे बरेच शिफ्टर एका क्लिकला जास्त वायर ओढतात, नुसते चकत्यांचे आकडे जुळून भागत नाही. आणि सायकल फारच जुनी असेल, म्हणजे मुळात क्लिक नसलेली, तर उगाच क्लिकच्या मागे लागू नका. शिमानोने १९८४ मध्ये ड्युरा-एस या आपल्या रेसिंग सायकलच्या गिअर सेटमध्ये इंडेक्स गिअर आणले, त्याच्या आधी बहुतेक सगळे अंदाजाने लिव्हर सरकवूनच गिअर टाकायचे आणि छान चालायचं. शेतात जायच्या सायकलला तर मी साधा फ्रिक्शन थंबशिफ्टरच (अंगठ्याने सरकवायचा, क्लिक नसलेला) टाकेन, चकत्या ५ असो, ६ असो, ७ असो, त्याला काही फरक पडत नाही, हँगर (डिरेलर फ्रेमला जिथे लटकतो तो कान) थोडा वाकला तरी हाताने जुळवून घरी येता येतं.

ब्रेकचं लिव्हर आणि शिफ्टर एकत्र असलेला सेट घेताना एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत (मला तरी नाही सांगितली). हे सेट बहुतेक व्ही-ब्रेकचे असतात, त्यांचा लिव्हर वायर जास्त ओढतो. जुन्या सायकलला मधे वायर लोंबणारे कॅन्टिलिव्हर किंवा साधे कॅलिपर ब्रेक असले तर लिव्हर दगडासारखा कडक लागतो आणि ब्रेक मात्र कमी लागतो. कन्नड घाट उतरताना मागून ट्रक, पुढे ट्रक, तिथे हा प्रयोग नको. अशा वेळी ब्रेक लिव्हर जुनाच ठेवा, शिफ्टर वेगळा घ्या. आणि ड्रॉप हँडलवाली, म्हणजे खाली वळलेल्या हँडलची, सायकल असेल तर माउंटन बाइकचा शिफ्टर त्यावर चढतच नाही, सरळ हँडलच्या मुठीकडची जाडी २२.२ मिलीमीटर, ड्रॉपची २३.८.

वायर आणि आउटर, म्हणजे वायरवरची नळी. इथेच नव्वद टक्के लोक आडवे होतात, असा माझा अंदाज, मोजलेलं नाही. नवा शिफ्टर आणि जुनी गंजकी वायर म्हणजे नवीन नळ आणि जुनी तुंबलेली पाइपलाइन. पावसाळ्यात आपली काळी माती आउटरमध्ये जी जाऊन बसते ती उन्हाळ्यात सिमेंट होते. वायर-आउटर दोन्ही बदला. आणि ब्रेकचं आउटर गिअरला लावू नका, ही चूक आमच्याकडच्या एका मिस्त्रीनेच केली होती, पठ्ठ्याकडे तेच शिल्लक होतं. ब्रेकच्या आउटरमध्ये तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते, ओढ बसली की ते दबतं, क्लिकचं माप गेलं. गिअरच्या आउटरमध्ये तारा उभ्या असतात. ते साध्या पक्कडीने कापलं तर तोंड चेपतं, ते पोक्याने (टोकदार सळीने) गोल करून, टोक कानशीने सपाट करून मग टोपी घाला. लांबी इतकी ठेवा की हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवलं तरी आउटर ताणलं जाणार नाही, नाहीतर वळणावर आपोआप गिअर पडतो आणि वाटतं सायकलला भूत लागलं.

वायर बांधायच्या आधी शिफ्टर सगळ्यात मोठ्या आकड्यावर आणि चेन सगळ्यात छोट्या चकतीवर पाहिजे. मी पहिल्यांदा तिसऱ्यावर ठेवून बांधली, काय बोलायचं. अजून एक बारीक गोष्ट, डिरेलरच्या बोल्टला वायरसाठी एक खाच असते, वायर त्याच खाचेतून गेली पाहिजे, बोल्टच्या दुसऱ्या बाजूने घातली तर ओढायचं माप बदलतं आणि सगळं बरोबर करूनही क्लिक जुळत नाहीत.

एच आणि एल लिहिलेले दोन स्क्रू वायर बांधायच्या आधीच लावून घ्या. ते गिअर जुळवायचे स्क्रू नाहीत, ते कुंपण आहे. एच छोट्या चकतीच्या बाहेर चेन जाऊ देत नाही, एल मोठ्या चकतीच्या पलीकडे. एल ढिला राहिला तर चढावर हलका गिअर टाकल्याबरोबर डिरेलर स्पोकमध्ये जातो, मग डिरेलर, हँगर, दोन-चार स्पोक सगळं एकदम, आणि सायकल खांद्यावर. चढावरच होतं हे, कारण तो गिअर आपण चढावरच टाकतो.

इतकं सगळं करूनही जुळेना तर मागून बघा. डिरेलरची दोन छोटी चाकं चकत्यांच्या सरळ रेषेत आहेत का? आपल्याकडच्या सायकली एसटीच्या टपावर चढतात, उजव्या अंगावर पडतात, टेम्पोत केळीच्या घडांखाली जातात, हँगर वाकलेला नसेल तरच नवल. लोखंडी फ्रेम असेल तर हळूहळू सरळ होतो. अॅल्युमिनियमचा असेल तर जपून, तुटतो. आणि वरचं छोटं चाक जरा डावी-उजवीकडे हलतं म्हणून त्यात वॉशर भरू नका, शिमानोने तो प्ले मुद्दाम ठेवलेला असतो, चेनला स्वतःहून चकतीवर बसता यावं म्हणून. चेन पण मोजा, एका पिनपासून पुढच्या २४ व्या पिनपर्यंत १२ इंच, त्याच्या वर सोळांश इंच गेली असेल तर चेन बदला, आठांश गेली असेल तर फ्रीव्हील पण गेलं समजा.

पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर क्लिक परत थोडे हुकतील, घाबरू नका, आउटर आणि टोप्या दबून बसतात म्हणून वायर सैल होते. मोठ्या चकतीवर चढायला आळस करत असेल तर बॅरल, म्हणजे आउटरच्या टोकाचा वायर ताणायचा हाताने फिरणारा स्क्रू, बाहेर येईल असा पाव फेरा फिरवा, छोटीवर उतरायला आळस करत असेल तर आत. स्टँडवर नाही, चालवून बघा, रिकामं चाक कुठलाही गिअर घेतं. मी माझा शेवटचा पाव फेरा घाटाच्या पायथ्याशी चहाच्या टपरीवर दिला, आणि उरलेली वायर बोल्टपासून चार बोटं ठेवून मगच कापली.