पूर्वजांच्या शोधासाठी दफ्तरखान्यांची यादी करताय? या चुका टाळा

२०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने मराठवाड्यातल्या निजामकालीन कुणबी नोंदी तपासायला घेतल्या आणि कोतवाल बुक, खासरा पत्रक, प्रवेश-निर्गम उतारा हे शब्द चहाच्या टपरीपर्यंत पोचले. त्या निमित्ताने आपल्या घराण्याचा माग काढणारेही वाढले, आणि त्यांच्यासाठी ‘कुठे काय मिळतं’ अशा याद्याही फिरू लागल्या. त्यातल्या बऱ्याच म्हणजे नुसते पत्ते: हैदराबाद, पुणे, दिल्ली, लंडन. पत्ता तर गुगलही देतो. आपल्या तालुक्याचं तिथे काय आहे, कोणत्या लिपीत आहे आणि ते हाती कसं लागतं, हे ज्या यादीत नाही ती घेऊन एवढा प्रवास कोणी का करावा?

आजच्या नकाशावरून यादी लावणं

मराठवाड्यापुरती ही सगळ्यात महागात पडणारी चूक. १९४८च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि १९५६च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत हैदराबाद राज्यात. त्या पुनर्रचनेत तालुके इकडचे तिकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर तोवर बीदर जिल्ह्यात होते. किनवट आदिलाबादेत होतं. उलट मुधोळ नांदेडमधून आदिलाबादला गेलं. राजुरा आदिलाबादमधून नांदेडला आलं आणि थोड्याच वर्षांत चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, जोडलं गेलं. म्हणजे उदगीरच्या माणसाला ‘लातूर जिल्हा’ या रकान्यात पाठवणं फुकट, कारण लातूर जिल्हाच १९८२चा आहे. त्याच्या पणजोबांचा कागद उस्मानाबाद, बीदर किंवा हैदराबाद यांपैकी कुठल्याही टप्प्यावर अडकलेला असू शकतो. जालना १९८१चा, हिंगोली १९९९चा. परतूर तर जालन्यात येण्याआधी परभणीत होतं.

म्हणून यादीची पहिली ओळ संस्थेची नको, तालुक्याची हवी. त्यापुढे १९५६पूर्वीचा जिल्हा, १९५६नंतरचा, आजचा, आणि मग प्रत्येक टप्प्याची कार्यालयं. गावांची जुनी नावंही तिथेच टाका. अंबाजोगाई जुन्या कागदांत मोमिनाबाद म्हणून सापडते. धाराशिव आणि छत्रपती संभाजीनगर ही नावं शासकीय दफ्तरात अलीकडे आली, जुन्या सूच्या उस्मानाबाद आणि औरंगाबादवरच उघडतात.

संस्थेचं एकच नाव लिहून मोकळं होणं

हैदराबादला तारनाक्यावर जे अभिलेखागार आहे, ते कधीकाळी दफ्तर-ए-दिवानी, म्हणजे निजामाचा सरकारी दफ्तरखाना, होतं, पुढे आंध्र प्रदेशाचं झालं आणि २०१४नंतर तेलंगणाचं. जुन्या प्रबंधांतले संदर्भ जुन्या नावाने आहेत. एकाच यादीत ही तीन नावं तीन संस्था म्हणून नोंदलेली दिसतात. आंतरराष्ट्रीय अभिलेखागार परिषदेने २००८ साली अशा संस्थांच्या वर्णनासाठी एक मानक काढलं. त्यात आजचं नाव, समांतर नाव आणि आधीची नावं यांना वेगवेगळी जागा आहे. पूर्ण मानक पाळायची गरज नाही, पण हे तीन रकाने उसने घ्या.

नावाचा गोंधळ परदेशात आणखी वाढतो. नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या मिशनतर्फे जालना आणि जवळच्या बेथेल गावी काम केलं. त्या काळातल्या ख्रिस्ती कुटुंबांचा माग काढताना एडिनबरो गाठावं लागतं. तिथे नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंड आणि नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंड अशा दोन वेगळ्या संस्था आहेत. परदेशी मिशनांचे कागद पहिल्या संस्थेत, म्हणजे ग्रंथालयात आहेत. ‘हस्तलिखित कागद म्हणजे अभिलेखागारच’ असं धरून चाललात तर दुसऱ्याच दाराशी उभे राहाल.

जालना, हिंगोली, मोमिनाबाद इथे हैदराबाद कंटिंजंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चाने उभ्या केलेल्या इंग्रजी अंमलाखालच्या फौजेच्या, छावण्या होत्या, १९०३मध्ये ही फौज भारतीय सैन्यात विलीन झाली. त्यामुळे छावणीत नोकरीला असलेल्या घराण्यांसाठी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिसचे कागद आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातले हैदराबाद रेसिडेन्सीचे, म्हणजे निजामाच्या दरबारी असलेल्या इंग्रज प्रतिनिधीच्या कचेरीचे कागद, दोन्ही यादीत हवेत.

लिपी आणि सन न लिहिणं

निजामाच्या वरच्या कचेऱ्यांत १८८०च्या दशकापर्यंत फारसी चालली, पुढे उर्दू. गावपातळीवर मोडीचा वावर होता. ‘कागद आहेत’ असं वाचून कोणी हैदराबादला जातो आणि शिकस्ता, म्हणजे घाईने मोडून लिहिलेल्या वळणाचा उर्दू मजकूर समोर आल्यावर हात हलवत परततो. संस्थेपुढे लिपी लिहा आणि तिथे वाचक मिळतो का तेही. सनाचा प्रश्न सोपा आहे, तरी त्यावर वर्षानुवर्षं घोळ चालतो. निजामी फसलीत, म्हणजे तिथल्या महसुली सनात, ५९० मिळवले की इसवी सन निघतो. फसली १३४० म्हणजे १९३०-३१, कारण वर्ष ऑक्टोबरात, आजूर महिन्यात, सुरू होई.

‘ऑनलाइन आहे’ एवढंच लिहिणं

हरिद्वारच्या पंड्यांच्या वंशावळीच्या वह्या अमेरिकेत यूटामधल्या जिनिऑलॉजिकल सोसायटीने १९७०च्या दशकापासून मायक्रोफिल्मवर घेतल्या, आज त्या फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर पाहता येतात. पण तिथला काही साठा घरून उघडतो आणि काही फक्त त्यांच्या केंद्रांतून. शिवाय चित्रं दिसणं वेगळं आणि नावाने शोधता येणं वेगळं. ‘फिल्म मागवा’ असं अजून लिहिणारी यादी २०१७च्या आधीची समजा, त्या साली फिल्म पाठवणं बंद झालं. ब्रिटिश लायब्ररीवर ऑक्टोबर २०२३मध्ये सायबर हल्ला झाला आणि तिच्या सूच्या बराच काळ बंद राहिल्या. तेव्हा कित्येकांनी ‘लिंक मेली’ म्हणून ओळच पुसली. ओळ पुसू नका. शेवटची खातरजमा कधी केली ती तारीख लिहा आणि जुनं पान वेबॅक मशीनवर, म्हणजे संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या साइटवर, सापडतं का पाहा.

अडलं तर

तहसीलमध्ये ‘उपलब्ध नाही’ हे उत्तर हमखास मिळतं. बहुतेकदा त्याचा अर्थ ‘या टेबलावर नाही’ एवढाच असतो. माहिती अधिकाराच्या अर्जात ‘माझ्या आजोबांची नोंद द्या’ असं विचारण्यापेक्षा ‘अमुक तालुक्याचे १९५६पूर्वीचे अभिलेख कोणत्या कार्यालयाकडे वर्ग केले, त्या यादीची प्रत द्या’ असं विचारा. मिळालेलं उत्तर, नकार असला तरी, यादीत नोंदवा. पुढच्याचा खेटा वाचतो. जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर टाकलेल्या कुणबी नोंदींच्या याद्या मात्र यात मिसळू नका. त्या एका विशिष्ट कामासाठी निवडलेल्या नोंदी आहेत. त्यात नाव नाही म्हणून कागदच नाही, असं होत नाही.

राहिली खाजगी दफ्तरं. देशमुख-देशपांड्यांच्या वाड्यांतले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, पैठण आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या. नुसतं ‘त्र्यंबकेश्वर’ लिहून उपयोग नाही, उपाध्यांकडचे यजमान गाव आणि आडनावावरून वाटलेले असतात, तेव्हा कोणता भाग कुणाकडे हे विचारून लिहावं लागतं. इथे मात्र फोन नंबर आणि घराचा पत्ता परवानगीशिवाय टाकू नका. ज्या घरी वही दाखवायला हरकत नसते, त्याच घरी दिवसाला दहा अनोळखी फोन येऊ लागले की वही पुन्हा माळ्यावर जाते.