सागाच्या जंगलात सांबर कसं शोधायचं आणि पायी जवळ कसं जायचं

आमच्या इंदूरच्या राजेंद्रनगरच्या दोन पोरांनी परवा विचारलं, काका तुम्हाला सांबर दिसतं कसं, आम्ही तीन वेळा देवासकडच्या खिवनी अभयारण्यात जाऊन आलो, चितळ दिसलं, नीलगाय दिसली, सांबराचा नुसता आवाज आला आणि झाडीत धाडधाड पळाल्याचं ऐकू आलं बस. मी म्हटलं तुम्ही किती चाललात, तर म्हणे सकाळपासून आठ-नऊ किलोमीटर. तिथेच उत्तर आहे बघा. आठ किलोमीटर चाललात म्हणजे आठ किलोमीटरमधली सगळी सांबरं उठवून आलात.

आधी एक गोष्ट स्पष्ट. हे सगळं दुर्बीण आणि कॅमेऱ्यासाठी आहे. शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे आणि जंगलात पडलेलं शिंगसुद्धा उचलून घरी आणायचं नाही, तोही गुन्हाच. आणि पायी फिरायचं तर जिथे परवानगी आहे तिथेच, नाकेदार (म्हणजे वनरक्षक) किंवा गाईड सोबत घेऊन. इंदूरकरांसाठी माझ्या मते सगळ्यात चांगली जागा सातपुडा टायगर रिझर्व्ह, सोहागपूरहून मढईला जायचं, तिथे पायी सफारी रीतसर करता येते. पण एकदम तिथे जाऊ नका. आधी इंदूरजवळच्या रालामंडल अभयारण्यात चार-पाच सकाळी घालवा. होळकरांच्या शिकारगाहपर्यंत पायवाट आहे, सांबराचा हट्ट नको, चितळ आणि नीलगायीवर हळू चालायची आणि झाडीतून बघायची सवय करा. पुढचं सगळं त्या सवयीवरच आहे.

सांबर हे चितळासारखं मोकळ्यात कळप करून चरणारं जनावर नाही. मोठा नर दोनशे किलोच्या वर जातो आणि तरी तीस पावलांवर दिसत नाही, कारण तो रात्री आणि झुंजूमुंजू वेळेला चरतो आणि ऊन चढलं की दाट सावलीत बसतो, एकटा किंवा दोन-तीन माद्या आणि पिल्लं अशी. मग शोधायचं काय तर तो रात्री जिथे चरला आणि दिवसा जिथे बसणार त्याच्या मधला रस्ता. पहिला एक-दीड तास तुमचा, नंतर ते बसून घेतात आणि मग बसलेलं सांबर शोधणं वेगळंच काम आहे, ते पुढे सांगतो.

वाऱ्याबद्दल सगळ्यात जास्त लिहिणार आहे कारण नव्वद टक्के लोक इथेच हरतात आणि त्यांना कळतही नाही की आपण हरलो. सांबराची नजर हलणाऱ्या गोष्टीवर चांगली चालते, स्थिर माणूस त्याला झाडाचं खोड वाटू शकतो, कान तर जबरदस्तच, पण कानावर त्याला शंका येते आणि तो थांबून खात्री करतो. नाकावर शंका येत नाही. माणसाचा वास लागला की संपलं, तुम्हाला दिसायच्या आधी तो पलीकडच्या नाल्यात असतो. आता वारं बघायचं कसं? रुईची बोंडं फुटली की त्यातली म्हातारी, लहानपणी फुंकून उडवायचो ती, एका काड्यापेटीत भरून ठेवा. दर दहा-पंधरा मिनिटांनी एक सोडायची आणि नुसतं हातापासून कुठे गेली तेवढं बघायचं नाही, वीस-पंचवीस फुटांवर जाऊन ती कुठे वळली ते बघायचं. टाल्कम पावडर पण चालते पण ती लगेच विरते, म्हातारी लांबपर्यंत दिसते आणि तेव्हा कळतं की तुमच्या तोंडावर येणारं वारं पुढे नाल्याच्या वळणावर गोल फिरून राहिलंय.

डोंगराळ जंगलात हवेचा स्वतःचा टाइमटेबल असतो. रात्रभर थंड झालेली हवा जड असते, ती पहाटे उतारावरून खाली नाल्याकडे वाहते. म्हणजे पहाटे तुम्ही वर असाल तर तुमचा वास खाली जातो, खालच्या सगळ्या जनावरांना खबर. म्हणून पहाटे खालून वर चढायचं. मग ऊन उताराला लागलं की तीच हवा तापून वर चढायला लागते, फेब्रुवारी-मार्चमध्ये साधारण साडेआठ-नऊला हे होतं, आणि तेव्हा खालून चढणारा माणूस आपला वास आपल्याच पुढे पाठवून राहिला असतो. त्या वेळेपर्यंत तुम्ही वरच्या अंगाला पोचलेले पाहिजे आणि तिथून आडवं चालायचं, डोंगराच्या कडेकडेने, किंवा हळूहळू खाली. हे बदलायच्या मधली जी वीस-तीस मिनिटं असतात ना त्यात हवा कुठेही फिरते, तेव्हा मी सरळ झाडाला टेकून बसतो. पहिल्या वर्षी हे कोणी सांगितलं नव्हतं, एक मस्त नर दीडशे पावलांवर बघत होतो, वारं तोंडावर, सगळं बरोबर, आणि अचानक मानेच्या मागे गार झुळूक लागली. त्याने मान वर केली, एक पाय आपटला आणि गेला. ती झुळूक मला अजून आठवते.

आता खुणा. सांबराचा खूर चितळापेक्षा बराच मोठा आणि पुढे टोकदार, मातीत दोन फाका स्पष्ट. नीलगायीशी गल्लत होते, तिथे लेंड्या बघा, नीलगाय एकाच जागी परत परत येऊन टाकते, तिचा ढीग साचतो, सांबराच्या लेंड्या चालता चालता पसरलेल्या असतात, एका बाजूला टोक आणि दुसऱ्या बाजूला खळी. काडीने फोडून बघा, आत ओलसर हिरवट म्हणजे आजची, बाहेरून काळी कोरडी आणि आत भुसा म्हणजे सोडून द्या. ताज्या खुरावर कोळ्याचं जाळं नसतं आणि कडा ढासळलेल्या नसतात. झाडांकडे पण बघत चला, छातीच्या उंचीवर साल घासलेली कोवळी झाडं, म्हणजे नराने शिंगं घासली आहेत. नोव्हेंबर-डिसेंबर माजाचा काळ, तेव्हा नर चिखलात लोळतात, मागच्या पायांवर उभं राहून वरच्या फांद्यांवर शिंगं आणि तोंड घासतात, त्या लोळायच्या खड्ड्याच्या आजूबाजूच्या खोडांवर चिखलाचे पट्टे ओले असतील तर जनावर लांब नाही. शिंगांचे फोटो हवे असतील तर तेव्हाच जा, मार्च-एप्रिलपासून शिंगं गळतात. नुसतं सांबर बघायचं तर मात्र मोहाची फुलं पडायची वेळ, मार्च-एप्रिल. पहाटे मोहाच्या झाडांच्या रस्त्यावर ती हमखास असतात, फक्त अस्वलालाही मोह तितकाच आवडतो, तेव्हा गाईडच्या पुढे जायचं नाही.

चालण्याबद्दल. मार्चमध्ये सागाची पानं खाली पडून पापडासारखी वाजतात, त्यात शांत चालणं जवळपास अशक्य आहे, ज्याला जमतं असं म्हणतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका. उपाय दोन. एक म्हणजे नाल्यातले दगड, गुरांची वाट, दव पडलेली पहाट, जिथे पानं वाजत नाहीत तिथूनच जायचं, भले फेरा पडो. दुसरा उपाय ताल. माणूस चालतो एकसारखा, खर्र खर्र खर्र, जंगलात दुसरं कोणी असं चालत नाही. हरीण दोन-तीन पावलं टाकतं, थांबतं, बघतं, पुन्हा दोन. तुम्ही पण तसंच करा, आणि झाडं सळसळली की त्या आवाजात पाऊल टाका. आधी पायाची बाहेरची कड टेकवायची, खाली काटकी आहे का ते कळतं, मग वजन टाकायचं. तीन पावलं आणि मग पूर्ण एक मिनिट बघणं, हा हिशोब ठेवा. तासाला शंभर-सव्वाशे मीटर झालं तर उत्तम चाललात. निळी जीन्स नको, हरणांना लाल रंग नीट कळत नाही पण निळा चांगला दिसतो, आणि नीळ दिलेले पांढरे कपडे तर अजिबात नको. सेंट, डिओ, गुटखा काही नाही. मोबाइल बंद, व्हायब्रेटवर पण नाही.

बघायचं काय हे माझ्या मते शिकायला सगळ्यात अवघड. अख्खं सांबर शोधू नका, ते कधीच दिसत नाही. जंगलात सगळ्या रेषा उभ्या असतात, खोडं, बांबू, त्यात एखादी आडवी रेषा दिसली की थांबा, ती पाठ असू शकते. हलणारा कान, नाकाची ओली चमक, फांदीसारखी पण जरा जास्तच गुळगुळीत फांदी. खाली बसून बघा, जनावरं पोचतात तिथपर्यंतचा पाला खाल्लेला असतो, त्याखालून लांबवर नजर जाते आणि चार पाय दिसतात. दुर्बीण ८ बाय ४२ (आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) पुरे, पण ती लांबचं बघायला नाही, फोकस हळूहळू फिरवत एक एक पडदा बघायचा, आधी पुढची पानं, मग त्यामागची, मग त्यामागची. पहिल्यांदा केलंत की चकित व्हाल, साध्या डोळ्यांना नुसती झाडी आणि फोकस मागे गेला की तिथे डोळा.

ऊन चढल्यावर बसलेली सांबरं शोधायची तर उताराच्या सावलीच्या अंगाला, नाल्याच्या डोक्याशी, बांबूच्या बेटात. माझ्या बघण्यात ती बहुतेक पाठीशी चढ आणि समोर उतार अशी बसतात, खालची हवा नाकाला येते आणि डोळ्यांना उतार दिसतो. म्हणजे तुम्ही आडव्या अंगाने, वरच्या बाजूने यायचं.

दिसलं की सरळ त्याच्याकडे चालू नका. झाड मध्ये ठेवून, तिरकं तिरकं, ते चरत असेल आणि मान खाली असेल तेव्हाच. मान वर झाली की जसे आहात तसे, पाय अर्धवट उचललेला असला तरी. तो बघत राहील, पाच मिनिटं पण बघेल. मच्छर चावू दे. शेपटी उभी झाली, पुढचा पाय आपटायला लागला तर मागे व्हा, तुमची वेळ संपली, आणखी पुढे गेलात तर तो दिवसभर त्या भागात परत येत नाही. पन्नास-साठ मीटर पुरे आहे, सायलेंट शटर लावा. पिल्लू गवतात एकटं दिसलं तर हात लावायचा नाही, आई जवळच असते. आणि एक, तुमच्याकडे न बघता दुसरीकडे तोंड करून ‘पोंक, पोंक’ असा आवाज लागोपाठ येऊन राहिला असेल तर तिथे बिबट्या नाहीतर वाघ आहे असंच समजा. चितळ वाऱ्याच्या सळसळीलाही ओरडतं, सांबर सहसा उगीच ओरडत नाही. तेव्हा फोटो विसरून गाईड सांगेल तिकडे.

परतताना पाठ फिरवून तडक उठू नका, ज्या वाटेने आलात त्याच वाटेने उलटं, ते झाडाआड जाईपर्यंत. मागच्या एप्रिलमध्ये एक मादी आणि तिचं वर्षभराचं पिल्लू सव्वा तास बघितलं, निघालो तेव्हाही ती बसूनच रवंथ करत होती. वहीत तारीख, वेळ, वारं कुठून आणि कोणता नाला तेवढं लिहून घेतलं, पंधरा दिवसांनी त्याच वाऱ्याला त्याच नाल्यावर गेलो आणि दोघं तिथेच होती, पन्नास पावलं वर, तेंदूच्या सावलीत.