फोटोत सारखा तोच ठिपका येतोय? सेन्सर मेलाय का ते घरीच कसं बघायचं

मागच्या लग्नसराईत निपाणीहून भाच्याचा फोन आला, रात्री साडेअकराला. "मामा, नवरीच्या गालावर लाल टिकली आलीया." मी म्हटलं अरे टिकली गालावर कशी येईल, नीट बघ की, तर म्हणतो पुढच्या फोटोत तीच टिकली नवऱ्याच्या फेट्यावर आहे आणि त्याच्या पुढच्यात भटजींच्या नाकावर. म्हणजे माणसं हलतायत, टिकली मात्र जागची हलत नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं एका दुकानात दाखवलं तर सेन्सर बदलावा लागेल म्हणाले, आणि आकडा असा सांगितला की त्यात एक सेकंडहँड बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, आली असती. मी म्हटलं थांब, कुणाला पैसे देऊ नकोस, रविवारी कॅमेरा घेऊन बेळगावला ये, झाकण लावून थोडा वेळ बघू मग ठरवू. त्या रविवारी आम्ही काय काय केलं तेच इथं लिहितोय, कारण हा प्रश्न मला वर्षातनं चारपाच जण तरी विचारतात.

आधी थोडी ओळख. सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातली उजेड टिपणारी पाटी. ती २४ मेगापिक्सेलची असेल तर आडवे ६००० आणि उभे ४००० खाने, म्हणजेच पिक्सेल, एकूण २ कोटी ४० लाख. एवढ्या गर्दीत चारदोन बिघडणारच. नवा कॅमेरा कंपनीतून निघतो तेव्हाही काही खाने खराब असतात, पण त्यांची यादी कॅमेऱ्याच्या मेमरीत आधीच भरलेली असते आणि तिथला रंग कॅमेरा शेजारच्या खान्यांवरून अंदाजानं भरतो, आपल्याला पत्ताही लागत नाही. आपल्याला दिसतात ते नंतर बिघडलेले, यादीत नसलेले.

बिघडण्याचे प्रकार तीन. डेड म्हणजे मेलेला, उजेड कितीही पडला तरी काही बोलत नाही. स्टक म्हणजे अडकलेला, दिवस असो रात्र असो, हा कायम फुल्ल पेटलेला. आणि हॉट, जो एरवी शहाण्यासारखा वागतो पण शटर बराच वेळ उघडं राहिलं किंवा सेन्सर तापला की चमकायला लागतो. लोक तिघांनाही सरसकट डेड पिक्सेल म्हणतात आणि घोळ तिथंच होतो, कारण हॉट हा आजारच नाही म्हणा ना, तो सगळ्याच कॅमेऱ्यांत असतो.

सगळ्यात आधी, ठिपका नक्की कुठला?

कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर फोटो उघडा आणि झूम करून इकडंतिकडं सरकवा. ठिपका फोटोबरोबर सरकला तर तो फोटोत आहे. स्क्रीनवर तिथंच बसून राहिला, मेनू उघडला तरी दिसतोय, तर बिघाड स्क्रीनचा, सेन्सर ठणठणीत आहे, फोटो काढत रहा. हसू नका, या एका पायरीवर निम्मी मंडळी घरी जातात.

फोटोतच आहे असं ठरलं की धूळ आहे का ते बघायचं. धुळीचा डाग काळपट, मऊ कडांचा असतो, आणि अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, बारीक केलं की, म्हणजे एफ १६ किंवा २२ ला, ठळक होतो, भोक मोठं करून एफ २.८ ला जवळजवळ गायब. खराब पिक्सेलला अॅपर्चरशी काही देणंघेणं नाही, तो एफ २.८ लाही तेवढाच आणि २२ लाही तेवढाच. आणि रंगीत चमकणारा ठिपका धुळीचा कधीच नसतो, धूळ उजेड अडवते, तयार करत नाही.

काळा फोटो

ही खरी परीक्षा. सेटिंग नीट करा, इथं घाई केली तर उत्तर चुकीचं येतं:

१. कॅमेरा मॅन्युअल मोडवर, फोकसही मॅन्युअल, नाहीतर झाकण लावल्यावर तो फोकस शोधत बसतो आणि शटर पडतच नाही.
२. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (शटर बराच वेळ उघडं असताना फोटोत येणारे दाणे, म्हणजे नॉइज, काढणारं सेटिंग) बंद. हाय आयएसओवालं पण बंद (आयएसओ म्हणजे उजेडाला कॅमेरा किती तिखट ठेवायचा तो आकडा). पहिलं चालू असेल तर कॅमेरा तुमच्या फोटोनंतर तेवढ्याच वेळाचा एक काळा फोटो स्वतःच काढतो आणि मूळ फोटोतनं वजा करतो, म्हणजे जे शोधायचंय तेच पुसून टाकतो.
३. रॉ (सेन्सरनं दिलेली कच्ची फाइल) आणि जेपेग (कॅमेऱ्यानं तयार करून दिलेला फोटो) दोन्ही ठेवा. बरीच सॉफ्टवेअर रॉ उघडतानाच असले ठिपके गुपचूप काढून टाकतात, मग माणूस म्हणतो अरे गेला की, आणि पुढच्या व्हिडिओत तो परत हजर.
४. लेन्सला झाकण घाला, डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) असेल तर व्ह्यूफाइंडरवर, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीवर, काळं कापड टाका कारण तिकडनंही उजेड आत शिरतो. मिररलेसला, म्हणजे बिनआरशाच्या कॅमेऱ्याला, ही भानगड नाही.

आता आयएसओ १०० ला तीन फोटो काढा, एक ६० व्या हिश्श्याचा, एक १ सेकंदाचा, एक ३० सेकंदांचा. कॉम्प्युटरवर १०० टक्के झूम करून सावकाश सगळा फोटो फिरा, एका कोपऱ्यातून सुरू करून शेत नांगरल्यासारखं.

६० व्या हिश्श्याच्या फोटोत लाल, हिरवा, निळा किंवा पांढरा लख्ख ठिपका दिसला तर तो स्टक. तो नाही पण ३० सेकंदांच्या फोटोत दहावीस ठिपके आलेत तर ते हॉट, आणि हे नॉर्मल आहे. आयएसओ ३२०० करून ३० सेकंद द्या, ठिपक्यांची आकाशगंगा दिसेल, घाबरू नका. एडिटिंगमध्ये एक्स्पोजर ओढून वाढवून बघणारे काही आहेत, तसं केलं तर जगातला कुठलाच सेन्सर पास होणार नाही.

ठिपका एका खान्यापेक्षा मोठा, अधिक चिन्हासारखा किंवा चौकोनी डागासारखा दिसतो, ते का? सेन्सरच्या प्रत्येक खान्यावर एकाच रंगाची काच असते, निम्मे हिरवे, पाव लाल, पाव निळे, ब्राइस बायर नावाच्या संशोधकानं कोडॅक कंपनीत असताना काढलेली ही मांडणी, पेटंट १९७६ चं. बाकीचे दोन रंग शेजाऱ्यांकडून उसने घेऊन भरले जातात, त्यामुळं एक खाना खोटं बोलला की शेजारचे चारआठही त्याच्या नादानं बिघडलेले दिसतात.

पांढरा फोटो

डेड पिक्सेल काळ्या फोटोत सापडणार नाही, काळ्यावर काळं काय दिसणार. त्याला एकसारखं उजळ काहीतरी लागतं. आमच्याकडं यासाठी जून ते सप्टेंबर उत्तम, पावसाळ्यात बेळगाव-खानापूरवरचं आभाळ धुतलेल्या धोतरासारखं एकसारखं पांढरट असतं, दुसरं काही शोधायला नको. उन्हाळ्यात लेन्सवर पांढरं उपरणं दुहेरी घडी करून धरा. फोकस मुद्दाम उडवा, अॅपर्चर एफ ४ च्या आसपास म्हणजे धूळ मध्ये लुडबुडणार नाही, आणि हिस्टोग्राम (फोटोतला उजेड दाखवणारा आलेख) उजवीकडं पण भिंतीला चिकटलेला नको. मेलेला खाना गडद टिंबासारखा दिसतो, बऱ्याचदा रंगाची छटा घेऊन, लाल खाना मेला असेल तर निळसर-हिरवट, हिरवा मेला असेल तर जांभळट गुलाबी.

पत्ता लिहून घ्या

हे लोक करत नाहीत आणि मग वाद घालतात. जेपेगची कॉपी विंडोजच्या पेंटमध्ये उघडा, कर्सर ठिपक्यावर नेला की खाली दोन आकडे दिसतात, आडवा आणि उभा, ते वहीत लिहा. मग संध्याकाळी कॅमेरा थंड झाल्यावर परत काळा फोटो काढा. पत्ता तोच आला तर तो पिक्सेल, दरवेळी वेगळ्या जागी आला तर तो साधा नॉइज, विषय संपला. झाकणाच्या फोटोत काही अडचण नाही, पण लग्नाच्या फोटोशी जुळवताना लक्षात ठेवा, कॅमेऱ्यात लेन्स डिस्टॉर्शन करेक्शन, म्हणजे लेन्समुळं आलेला वाकडेपणा सरळ करणारं सेटिंग, चालू असेल तर जेपेगमध्ये ठिपका थोडा सरकतो, आणि उभा फोटो असेल तर तो फिरवून ठेवलेला असतो.

गरमीचं पण सांगतो. सेन्सरमध्ये अंधारातही थोडा करंट झिरपत असतो आणि साधारण दर ६ ते ८ डिग्रीला तो दुप्पट होतो. म्हणून मे महिन्यात अथणीला मांडवात तासभर व्हिडिओ केलेला कॅमेरा आणि डिसेंबरात जांबोटीला पहाटे बाहेर काढलेला तोच कॅमेरा, दोघांचे ठिपके वेगळे. राजहंसगडावरनं चांदण्यांचे फोटो काढणाऱ्या पोरांनी तर हे पाठच करावं, शटर बराच वेळ उघडं ठेवलं की चांदणी रेघ ओढते, हॉट पिक्सेल टिंबच राहतो. एकजण मला लाल मंगळ दाखवत होता, तो पार उत्तरेला ध्रुवताऱ्याकडं होता, तिथं मंगळ कधी जात नाही, हॉट पिक्सेलच तो.

सापडला, आता?

पिक्सेल मॅपिंग नावाचा मेनू शोधा. ऑलिंपस, पेंटॅक्स, फुजीच्या बऱ्याच बॉडी, निकॉनची झेड मालिका यांच्यात आहे, पॅनासॉनिकमध्ये पिक्सेल रिफ्रेश म्हणतात. कॅमेरा स्वतःच झाकलेल्या सेन्सरचा फोटो घेतो आणि नवे खराब खाने त्या यादीत घालतो. शूटिंग संपल्यावर लगेच नको, थोडा थंड होऊ द्या. सोनीच्या जुन्या मिररलेसमध्ये हे आपोआप महिन्यातनं एकदा होतं, म्हणून लोक तारीख महिनाभर पुढं ढकलून कॅमेरा बंद-चालू करतात. कॅननवाले लेन्स काढून बॉडी कॅप (लेन्सच्या जागेचं झाकण) लावून मॅन्युअल सेन्सर क्लीनिंग चालू करतात, मिनिटभर थांबून बंद करतात, बऱ्याच जणांना याचा गुण आलाय पण ही गल्लीतली युक्ती आहे, पुस्तकात शोधू नका. यूट्यूबवरचे रंग लुकलुकणारे व्हिडिओ टीव्ही-मोबाईलच्या स्क्रीनसाठी असतात, त्यानं सेन्सरला काही होत नाही. आणि सेन्सरवर बोट किंवा इअरबड घासायचा तर विचारही नको.

भाच्याचा स्टक निघाला, एकच, आणि मॅपिंगनं गेला. फुकट.

पण एक प्रकार असा आहे जो जात नाही. शिवजयंतीच्या चित्ररथांच्या मिरवणुकीत, गणपती विसर्जनाला डीजेवर ते हिरवे-निळे लेसर असतात ना, त्याची किरण सरळ लेन्समध्ये घुसली तर सेन्सर जळतो. तेव्हा एक ठिपका नाही येत, ठिपक्यांचा पुंजका येतो किंवा आडवी-उभी रेघच, वरपासून खालपर्यंत. रेघ आली म्हणजे प्रकरण एका खान्याचं राहिलं नाही, तिथं सर्व्हिस सेंटरलाच जावं लागतं आणि बिल मोठं होतं. मिररलेसवाल्यांनो जास्त सांभाळा, तुमचा सेन्सर कॅमेरा चालू असेपर्यंत उघडाच असतो. लेसर दिसला की लेन्स खाली. सेकंडहँड घेताना पण मालकाला हेच विचारा, मिरवणुका मारल्यात का, आणि त्याच्यासमोरच काळा-पांढरा दोन्ही फोटो काढून आपल्या कार्डावर घेऊन या, पाच मिनिटांचं काम. नको म्हणाला तर आपण चहा पिऊन निघायचं.

आधीच काढलेल्या फोटोंचं काय, तर लाइटरूम या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एका फोटोवर हील करून, म्हणजे ठिपका पुसून, बाकीच्यांना सिंक मारा, म्हणजे तोच बदल सगळ्यांवर लावा, ठिपका सगळीकडं एकाच पत्त्यावर असल्यामुळं आठशे फोटो एका झटक्यात साफ होतात. फक्त नंतर एकदा सगळ्यांवर नजर टाका, भाच्याच्या अल्बममध्ये एका काकूंच्या नथीतला खडा पण साफ झाला होता.