बार्सिलोनात खरं जपानी जेवण शोधायचं तर आधी भात बघा

घोटीचा इंद्रायणी ज्या घरात रोज शिजतो, त्या घरातल्या माणसाला जपानी भात पटकन कळतो. हे मी अनुभवानं सांगतेय. सातपूरच्या एमआयडीसीत मी अकरा वर्षं जपानी दुभाषी म्हणून काम केलं. जपानहून इंजिनीअर यायचे, दोन-दोन महिने राहायचे, आणि बासमतीचा पुलाव पुढ्यात आला की त्यांचं तोंड उतरायचं. एकदा मी घरून डब्यात इंद्रायणीचा भात आणि साधं वरण नेलं. त्यातल्या एका वयस्कर गृहस्थांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि 'गोहान' एवढंच म्हणाले. गोहान म्हणजे भात, आणि गोहान म्हणजे जेवणही. भात चांगला तर जेवण चांगलं, हे त्या एका शब्दातच आलं.

माझी मुलगी बार्सिलोनात नोकरीला आहे. तिच्याकडे मी दोनदा तीन-तीन महिने राहून आले, आणि तेव्हापासून नाशिकहून तिकडं निघालेले ओळखीचे लोक मला हमखास विचारतात, तिथं जपानी कुठं खायचं? कुणी वाइनच्या कामाला निघालेलं असतं, कुणाचा मुलगा शिकायला. मी नावांच्या आधी ओळखायचं कसं ते सांगते, कारण हॉटेलं बंद होतात, हात बदलतात. ओळख एकदा जमली की कुठल्याही गल्लीत उपयोगी पडते.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. त्या शहरात जपानी माणसं पर्यटक म्हणून येतात तशी राहतातही. झोना फ्रांका या औद्योगिक भागात निस्सानचा कारखाना होता, तो २०२१ च्या अखेरीस बंद झाला. शहराला लागून असलेल्या सांत कुगातला जपानी मुलांची शाळा आहे. म्हणजे जपानी माणसानं जपानी गिऱ्हाइकासाठी रांधायचं, अशी ठिकाणं तिथं आहेत. त्याच वेळी प्रत्येक चौकात सुशीची पाटीही आहे. या दोन्हींतला फरक कळला पाहिजे.

दाराबाहेर लावलेला मेनू उभ्या उभ्या वाचा. सुशी, पॅड थाई, चायनीज स्प्रिंग रोल, वोक, सगळं एकाच कागदावर असेल आणि वर 'बुफे लिब्रे' म्हणजे पाहिजे तेवढं खा असं लिहिलेलं असेल, तर पोट भरेल, पण ते जपानी जेवण नव्हे. आपल्याकडे ज्याच्या पाटीवर मिसळ, डोसा, पावभाजी आणि मंचुरियन एकत्र असतं, त्याच्याकडे आपण मिसळ खायला जातो का? जपानात बरीच दुकानं एकच गोष्ट करतात. नावातला 'या' म्हणजे दुकान. रामेन-या म्हणजे रामेनचं, म्हणजे रश्शातल्या नूडल्सचं, सोबा-या म्हणजे सोबाचं, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या नूडल्सचं, आणि इझाकाया म्हणजे दारूबरोबर छोट्या छोट्या बशा देणारं. छोटा मेनू ही चांगली खूण. भिंतीवर हातानं लिहिलेल्या चिठ्ठ्या असतील तर आणखी चांगलं, कारण त्या बहुतेक त्या दिवसाच्या खास पदार्थांच्या असतात. जपानीत त्याला 'ओसुसुमे' म्हणतात. बोट दाखवून विचारा, आज काय आहे म्हणून. कागदी कंदील, चेरीच्या फुलांची चित्रं, हात हलवणारं मांजर यांवरून मात्र काहीच ठरवू नका. ते सगळं विकत मिळतं.

आचारी जपानी आहे का, हेही फार बघू नका. २००६ मध्ये जपानच्या शेतीमंत्र्यांनी परदेशातल्या जपानी हॉटेलांना अस्सलपणाचं प्रमाणपत्र द्यायचं ठरवलं, तेव्हा अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांनी त्याला 'सुशी पोलीस' म्हणून झोडपलं. मला स्वतःला त्या मंत्र्यांची कळकळ समजते, पण कसोटी आचाऱ्याच्या चेहऱ्यावर लावता येत नाही. रावाल भागातल्या 'दोस पालियोस'चे आल्बेर्त राउरिक कातालान, म्हणजे तिथल्याच प्रांतातले आहेत, पूर्वी एल बुयी या स्पेनमधल्या जगप्रसिद्ध हॉटेलाच्या स्वयंपाकघराचे प्रमुख होते. तिथं मिळतं ते संपूर्ण आशियातलं, तापासच्या, म्हणजे स्पेनमधल्या छोट्या छोट्या बशांच्या धर्तीवर. त्याला जपानी थाळी म्हणता येणार नाही, पण तिथलं शिस्तीचं काम बघण्यासारखं आहे. उलट हिदेकी मात्सुहिसा हे जपानी शेफ. त्यांच्या 'कोई शुंका'ला मिशेलिन या हॉटेलांच्या नामवंत गाइडचा तारा मिळाला. रामेनसाठी जिरोना रस्त्यावरचं 'रामेन-या हिरो' प्रसिद्ध आहे, तिथं रांगेची तयारी ठेवा. निघण्यापूर्वी फोनवर वेळ नक्की बघून घ्या.

वेळेचं सांगते, कारण आपले लोक इथं हमखास फसतात. दुपारचं जेवण एक-दीडपासून साडेतीनपर्यंत. मग स्वयंपाकघर बंद, ते रात्री आठ-साडेआठला उघडतं. संध्याकाळी सहाला भूक लागली तर जे उघडं सापडेल ते बहुतेक पर्यटकांसाठीच असतं. पहिल्यांदा जात असाल तर आठवड्यातल्या कामाच्या दिवशी दुपारी जा आणि 'मेनू देल मेदिओदिया' मागा. पंधरा-वीस युरोत सूप, भात, मुख्य पदार्थ, बहुतेक ठिकाणी पिण्याचं काहीतरी, असं सगळं येतं. तेच रात्री सुटं मागवलं तर दुप्पट बिल होतं. ऑफिसमधली जपानी मंडळी दुपारी याच वेळेला जेवायला येतात. शेजारच्या टेबलावर कुणी बसून जपानीत बोलत असेल तर निर्धास्त बसा. कच्चा मासा खायचा असेल तर सोमवार टाळा. तिथल्या किनाऱ्यावरच्या होड्या शनिवार-रविवार समुद्रात जात नाहीत, त्यामुळं सोमवारी बाजारात ताजी आवक नसते.

आता बसल्यावर. जागा मागताना 'बार्रा' म्हणा, म्हणजे आचाऱ्यासमोरचा ओटा. तिथं बसलं की हात दिसतात. आणि मग भात बघा, मासा नंतर.

सुशीचा भात फ्रीजमधून काढलेला नसतो. तो अंगाच्या तापमानाइतका कोमट असायला हवा. तांदूळ पाणी नितळ होईपर्यंत धुतात, भिजवतात, शिजला की लाकडी परातीत काढतात, त्यावर व्हिनेगर, साखर आणि मीठ शिंपडून उलथन्यानं कापल्यासारखा हलवतात आणि वारा घालतात. त्यामुळं दाण्याला चकाकी येते. आपण केळीच्या पानावर भाताची मूद पाडतो ना, निगिरी म्हणजे तशीच बोटाएवढी मूद, वर माशाची चकती. चांगल्या निगिरीत दाणा न् दाणा वेगळा दिसतो, उचलली तर सुटत नाही, आणि तोंडात गेल्यावर मात्र आपोआप मोकळी होते. गोळा घट्ट दाबलेला असेल, दाताला कडक लागेल, गार असेल, तर वरचा मासा कितीही महागाचा असो, उठा आणि बिल द्या. पाएला या स्पॅनिश भाताच्या पदार्थात वापरतात तो बोंबा तांदूळ चालतो का, असं माझ्या एका मैत्रिणीनं विचारलं होतं. बोंबाचा गुणच मुळी न चिकटता रस्सा पिण्याचा, त्याची मूद कशी पडणार? पण स्पेनमध्येच एब्रो नदीच्या मुखाशी चिकट, आखूड दाण्याचा भातही पिकतो. ती भातशेती बघताना मला घोटी-इगतपुरीची खाचरं आठवली, फक्त मागं सह्याद्री नव्हता.

माशाबद्दल आपल्याकडे एक गैरसमज असतो, की गोठवलेला म्हणजे कमअस्सल. युरोपीय कायद्यानुसार कच्चा वाढायचा मासा उणे २० अंशांवर निदान २४ तास ठेवावा लागतो, अनिसाकिस नावाचा परजीवी मरावा म्हणून. पिंजऱ्यात वाढवलेल्या काही माशांना सूट आहे. म्हणजे गोठवणं हे निष्काळजीपणाचं लक्षण नाही, उलट आहे. ट्यूना मात्र जरूर खा. बार्सिलोनाच्या खाली तारागोनाच्या किनाऱ्यावर लामेत्या दे मार नावाचं गाव आहे. तिथं भूमध्य समुद्रातला ब्लूफिन ट्यूना पकडून समुद्रातल्याच पिंजऱ्यात पोसतात, आणि तो जपानलाही जातो. मेनूवर 'आकामी', 'चुतोरो', 'ओतोरो' असे तीन वेगळे भाव दिसले तर समजा की इथं मासा कळतो. आकामी म्हणजे लाल, बिनचरबीचा. ओतोरो पोटाचा, सगळ्यात तुपाळ. पहिल्यांदा आकामी घ्या. सॅमन माशावरून काही ठरवू नका, कारण जपानी लोक पूर्वी सॅमन कच्चा खातच नसत. ती सवय १९८० च्या दशकात नॉर्वेनं प्रयत्न करून लावली. खरा वसाबी फिकट हिरवा, रवाळ असतो, नाकात चढतो आणि लगेच उतरतो. पोपटी रंगाचा पेस्टसारखा असेल तर ते हॉर्सरॅडिश, म्हणजे मोहरीच्या नात्यातलं तिखट मूळ, आणि रंग. पण जपानातही साध्या ठिकाणी तोच देतात, त्यासाठी हॉटेल नापास करू नका.

आता शाकाहारी लोकांसाठी. हे नीट वाचा, कारण माझ्या घरात ते घडलंय.

आमचे हे माळकरी. पौषातली त्र्यंबकची वारी गेली बावीस वर्षं चुकलेली नाही. तिथं गेल्यावर पहिल्याच आठवड्यात आम्ही एका जपानी हॉटेलात गेलो. वाढणाऱ्या मुलीला सांगितलं, शाकाहारी. तिनं मान डोलावली, काकडीची सुशी आणली, आणि सोबत मिसो सूप, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं. यांनी अर्धी वाटी प्यायली. मग वाटी खाली ठेवून मला म्हणाले, "वास बघ गं." मी वाटी नाकाशी धरली आणि माझ्या पोटात गोळा आला. कात्सुओबुशी. वाळवून, धुरी देऊन लाकडासारखा टणक केलेला मासा, त्याचा कीस पाण्यात उकळून काढलेला सार, म्हणजे दाशी. अकरा वर्षं दुभाषी होते, मिसो सूप दाशीतच होतं हे मला पाठ होतं, आणि मी विचारलं नाही. हे काही बोलले नाहीत. घरी येऊन त्यांनी आंघोळ केली आणि दुसऱ्या दिवशी एकादशी नसताना उपास धरला. मला ते आजही लागतं.

म्हणून 'शाकाहारी' हा शब्द पुरा नाही. स्पेनमध्ये मांस नको म्हटलं तर ट्यूना घातलेली कोशिंबीरही पुढं येऊ शकते. नेमका प्रश्न पाठ करा: "येवा दाशी? दे बोनितो ओ दे कोंबु?" म्हणजे, यात दाशी आहे का, आणि असेल तर बोनितो माशाची की कोंबुची? कोंबु म्हणजे समुद्री शेवाळाची वाळवलेली पट्टी, ती चालते. ज्याला हा प्रश्न कळतो आणि जो आत जाऊन विचारून येतो, त्या हॉटेलवर माझा विश्वास बसतो. जो "नाही नाही, सगळं व्हेज" म्हणून झटकन उत्तर देतो, तिथं मी फक्त काकडीची काप्पा माकी आणि एदामामे, म्हणजे उकडलेल्या हिरव्या सोयाबीनच्या शेंगा मागवते. इनारी सुशीची गोड टोफूची पिशवी, दुधीसारख्या फळाच्या पट्ट्यांची कान्प्यो, आगेदाशी टोफू, थंड सोब्याबरोबरचा सॉस, या सगळ्यांत दाशी असते, दिसत नाही एवढंच. गार टोफूवर तोच कीस भुरभुरतात, तो नको म्हणून सांगा. वांग्याला मिसो लावून भाजलेलं नासु देंगाकु बहुतेक वेळा निघतं, पण विचारूनच. आपल्या भरताच्या वांग्याचा धुरकट वास आवडणाऱ्याला ते फार आवडेल. दारू वर्ज्य असेल तर मिरिन आणि साके हे दोन शब्दही लक्षात ठेवा, साके म्हणजे तांदळाची दारू, आणि मिरिन म्हणजे तिचाच गोडसर प्रकार. ते स्वयंपाकात पडतात.

दुसऱ्या मुक्कामात मी वेगळं केलं. एशाम्पला भागात एक लहानसं उदोनचं, म्हणजे गव्हाच्या जाड नूडल्सचं दुकान आहे, आठ खुर्च्यांचं. आदल्या दिवशी जाऊन मालकाशी जपानीत बोलले. म्हटलं, घरचं माणूस मासा शिवत नाही, दारूही नाही, आणि पहिल्या वेळी माझ्या हातून चूक झाली. त्यानं मान खाली घालून ऐकलं आणि म्हणाला, उद्या दीडला या. कोंबु आणि सुके शिताके मशरूम रात्रभर गार पाण्यात भिजवावे लागतात, म्हणून आदल्या दिवशी सांगावं लागतं. तुम्हीही तसंच करा. जपानी येत नसेल तर मुलानातवंडांकडून फोनवर स्पॅनिशमध्ये लिहून घ्या आणि कागद दाखवा.

दुसऱ्या दिवशी त्यानं वाटी समोर ठेवण्याआधी भिजवलेली कोंबुची पट्टी आणून दाखवली, हे बघा म्हणून. मिरिनच्या जागी चिमूटभर साखर घातली होती. यांनी आधी वास घेतला, मग रस्सा प्यायला, आणि उदोन तसेच ठेवून मला म्हणाले, "त्याला विचार, अजून थोडा रस्सा मिळेल का."